नऊ सूत

अण्णा माझ्या गाडीतून उतरून एस.टी.नं घरी गेले, त्या दिवशी मला पहिल्यांदा पटलं की पिकअपला खरोखरच काहीतरी झालंय.

मे महिना होता. मिरजेला त्यांचे डोळे दाखवून परत निघालो होतो. गाडी रिकामी. सांगली येईपर्यंत ते काही बोलले नाहीत, फक्त प्रत्येक स्पीडब्रेकरला वरचा दांडा पकडायचे आणि डोळे मिटायचे. स्टँडजवळ म्हणाले, "थांबव जरा." मला वाटलं चहा घ्यायचा असेल. तर पिशवी काखेत मारून खाली उतरले. "तू ये निवांत. मी तासगाव गाडीनं जातो." आणि गेले.

गाडी 2016 ची. पुढं-मागं चारही बाजूंना कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा. पासिंग दीड टनाचं, म्हणजे तेवढाच माल भरायची परवानगी. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिला दम नसतो. आधी द्राक्षाचे क्रेट, मग बेदाणा. शेडवरून पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला न्यायचे. शंभर बॉक्स भरले की दीड टन झाला. मी किती भरत होतो ते पुढं येईलच.

तक्रारी दोन होत्या आणि त्या दोन वेगळ्या आहेत असं मी धरून चाललो होतो. एक, गाडी लई आपटते. दोन, पुढनं बसल्यासारखी दिसते. दुसरीकडं मी लक्षच दिलं नव्हतं. दिसायला काय, जुनी गाडी आहे, बसणारच.

पहिला खर्च शॉकअपचा झाला. गावाजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटवर दोन्ही हात टेकवून दोनदा दाबलं आणि निदान सांगितलं, "शॉकअप गेले." कशावरून, हे मी विचारलं नाही. पुढची जोडी बदलली, मजुरीसकट बत्तीसशे रुपये. नवीन सामान घातलं की चार दिवस माणूस स्वतःची समजूत घालतो, तशी मीही घातली. पाचव्या दिवशी कवलापूरच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर दात वाजले आणि समजूत संपली.

जुने शॉकअप पोत्यात गुंडाळून मागं पडलेले होते. एका दुपारी बाहेर काढून बघितले. अंगावर तेलाचा ओघळ नाही, दांडी वाकलेली नाही. उभा धरून दाबला तर जडपणानं, सावकाश आत गेला. ओढला तर तसाच सावकाश बाहेर आला. म्हणजे चांगला होता. त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. असला साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाही. वजन पेलायची कमान. शॉकअपचं काम एवढंच, की कमान एकदा दबून वर आली की तिचा झोका लगेच थांबवायचा. शॉकअप मेलेली गाडी खड्डा ओलांडल्यावर होडीसारखी डुलत राहते. माझी डुलत नव्हती. धप्प करून आपटायची आणि गप्प बसायची. शिवाय बसलेली गाडी नवीन शॉकअपनं उठेल, ही अपेक्षाच चुकीची होती. पण बत्तीसशे तर गेले होते.

मग टायर. एका मित्रानं विचारलं, "हवा किती मारतोस?" मी म्हटलं, चारीला पासष्ट. त्यानं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला. पुढच्या चाकांना वेगळा आकडा, मागच्यांना वेगळा, रिकामी असताना वेगळा, भरल्यावर वेगळा. इतक्या वर्षांत हजार वेळा ते दार उघडलं असेल, स्टिकर एकदाही वाचला नव्हता. टायरवाला पोरगा विचारायचा "किती?", मी सांगायचो "टाइट मार", आणि तो मारायचा. पुढची हवा स्टिकरप्रमाणं उतरवली तर फरक मात्र पडला, खोटं कशाला बोलू. डांबरावरची बारीक थरथर, स्टिअरिंगमधून मनगटात येणारी, ती जवळजवळ गेली. धप्प मात्र राहिलं.

तिसरा थांबा सांगलीतला, चाकं सरळ रेषेत जुळवणारा अलाइनमेंटवाला. गाडी थोडी उजवीकडं ओढत होती म्हणून गेलो. त्यानं गाडी रॅम्पवर घेतली, समोर जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून बघितलं आणि मशीन बंद केली. "दादा, उजवी बाजू खाली आहे. मी आकडे जुळवून पैसे घेईन, पण महिन्यानं परत याल. आधी कमान दाखवा." पैसे घेतले नाहीत. एवढ्या सगळ्या फिरण्यात गाडीकडं समोरून बघणारा तो पहिला माणूस.

त्यानंच मिरजेच्या कमानवाल्या चाचांचं दुकान सांगितलं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, खाली कोबा, भिंतीला टेकवलेले शेकडो जुने पाटे आणि मधोमध ऐरण. चाचा सत्तरीचे. मी जाऊन एकदम सुरू केलं, "चाचा, गाडी लई आपटती."

"कुठं आपटती?"

"सगळीकडंच."

"सगळीकडं आपटत असंल तर इकून टाक. नीट सांग."

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारून माझ्याकडून उत्तरं काढून घेतली. बारीक खडीवर काय होतं? काही नाही, हवा कमी केल्यापासून बरं आहे. स्पीडब्रेकर चढताना की उतरताना? उतरताना. जोरात ब्रेक मारल्यावर? हो, तेव्हा तर नाक खाली जातं आणि धप्प. आवाज लोखंडाचा की रबराचा? याचा मी कधी विचारच केला नव्हता. डोळे मिटून आठवलं तर तो आवाज ठणठणीत नव्हता, मुका होता, मऊ वस्तूवर घण पडल्यासारखा. भरलेली असताना जास्त की रिकामी असताना? इथं मी अडकलो. पुढनं भरलेली असताना जास्त, पण मागनं रिकामी असताना जास्त. चाचांनी मान हलवली. "मंजी रोग दोन हायत. मागचा नंतर बघू."

चाचांनी खिशातनं तंबाखूची डबी काढली. मला वाटलं मळायला बसले. त्यांनी बोटावर भरपूर चुना घेतला, गाडीखाली सरपटले आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, जिथं चेसिसला लटकलेलं बंप रबर कमान पूर्ण दबल्यावर टेकतं, त्या जागी दोन्हीकडं जाडसर चुना फासला. "विश्रामबागपर्यंत जाऊन ये. नेहमी चालवतोस तसंच चालव, मला दाखवायला हळू नको."

गेलो आणि आलो. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, रिकामी गाडी. चाचांनी मला खाली वाकून बघायला लावलं. डाव्या रबराच्या टोकाला चुन्याचा एक पुसट डाग. उजवं रबर मात्र पांढरंफट, आणि अ‍ॅक्सलवरचा चुना पार चेपून बाजूला सरकलेला. नुसतं टेकलं नव्हतं, दर खड्ड्याला ठोकत होतं. रबराचा खालचा भाग तर घासून तुळतुळीत झाला होता, कडेला चीर.

माझ्या दोन तक्रारींची तिथं एक तक्रार झाली. कमान बसली म्हणून अ‍ॅक्सल आणि रबर यांच्यातलं अंतर कमी झालं. अंतर कमी झालं म्हणून जरा मोठा खड्डा आला की कमानीला दबायला जागाच उरत नव्हती आणि धक्का सरळ चेसिसला, तिथून सीटला, तिथून अण्णांच्या मणक्याला. हे रबर शेवटचा आसरा म्हणून असतं, कधीमधी टेकायला. माझी गाडी त्याच्यावरच चालली होती. आता त्यात नवीन शॉकअप काय करणार?

मग मापं. चाचांकडं मीटर-सेंटिमीटर नाही, इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. चाकाच्या मधापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत उभी टेप लावली. डावीकडं साडेसतरा इंच. उजवीकडं सोळा इंच तीन सूत. नऊ सुतांचा फरक, सव्वा इंचाला फक्त एक सूत कमी. मागं दोन्हीकडं जवळजवळ सारखं, एखाद्या सुताचा फरक.

मी म्हटलं, झालं की मग, उजवी कमान खराब. चाचा म्हणाले, थांब. मागची कमान एका अंगानं जास्त कडक असेल तर ती गाडी तिरकी करून पुढचा, विरुद्ध अंगाचा कोपरा दाबू शकते. म्हणून मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गोळ्याच्या, बरोबर मधोमध जॅक लावून मागची दोन्ही चाकं जमिनीपासून चार बोटं उचलली. आता मागचा भार एकाच बिंदूवर, त्यामुळं मागच्या कमानींना गाडी डावी-उजवीकडं कलंडवता येईना. पुढं परत टेप लावली. नऊ सूत ते नऊ सूतच.

तरीही एक शंका ठेवलीच त्यांनी. उजव्या अंगाला वजनच जास्त असेल तर? जवळच्या भुईकाट्यावर गाडी नेली. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची, मग नुसतं डावं अंग, मग उजवं. काटेवाला वैतागला. मागं मक्याचा ट्रक हॉर्न देत होता आणि आम्ही रिकामी पिकअप काट्यावर नाचवत होतो. पुढं 960 किलो, मागं 780. डावं अंग 862, उजवं 878, आणि मी उजवीकडं बसलेलो. सोळा किलोत सव्वा इंच कमान दबत नाही. म्हणजे भार दोन्हीकडं सारखाच, तो सोसायची ताकद एकीकडं कमी.

आता उघडायचं.

चाक काढलं, चेसिस घोड्यावर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली, कमान अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडले. एका यू-बोल्टचे आटे इतके गंजले होते की तो कापावा लागला. कमान खाली आली, शिकंज्यात धरून सेंटर बोल्ट काढला आणि पाटे सुटे झाले. पाच पाटे, वरचा लांब, खाली एकेक आखूड. चाचांनी एकेक पाटा तारेला लटकवून हातोडीनं हलकेच टोला द्यायला सुरुवात केली. पहिला, टणण. दुसरा, टणण. तिसरा, बद्द. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची घरं आहेत, त्यातल्या एखाद्यानं हा प्रकार ऐकला असता तर त्यालाही लगेच कळलं असतं. चौथ्या-पाचव्याला टोला द्यायचं राहूनच गेलं, आम्ही दोघंही तिसऱ्यावर वाकलो.

तडा सेंटर बोल्टच्या भोकातून निघून एका कडेपर्यंत गेलेला. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं, कारण ती जागा यू-बोल्टच्या प्लेटखाली झाकलेली असते. चाचांनी पाटा ऐरणीवर ठेवून एक घण घातला, दोन तुकडे झाले. तुटलेल्या तोंडाकडं बोट केलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला, आणि उरलेला ताजा, चकचकीत. काळा भाग म्हणजे जुना तडा. पावसाळ्याचं पाणी प्यायलेला. म्हणजे गेल्या पावसाच्या आधीपासून हा पाटा अर्धाच काम करत होता आणि बाकीचे चार त्याचा वाटा उचलून बसत चालले होते. त्या दिवसात मी किती बॉक्स भरत होतो, हे चाचांनी विचारलं. मी शंभर म्हणालो. त्यांनी नुसतं बघितलं. मी म्हणालो, "कधीकधी एकशेचाळीस." एकवीसशे किलो. दीड टनाचं पासिंग.

डावी कमानही काढून बघितली. तडा नव्हता. पण कमानीच्या दोन्ही डोळ्यांमधून, म्हणजे टोकाच्या भोकांमधून दोरी ताणून मधला बाक मोजला, तर चाचांकडं त्याच मापाची नवी कमान होती तिच्यापेक्षा सहा-सात सूत कमी भरला. म्हणजे "चांगली" बाजूही थकलेलीच होती, फक्त उजवीच्या शेजारी ती चांगली दिसत होती.

पर्याय तीन होते. पहिला, तुटलेला पाटा तेवढा बदलायचा आणि बाकीच्यांना तापवून, ठोकून परत बाक द्यायचा. सगळ्यात स्वस्त. चाचांनी स्वतःच नको म्हटलं, त्यांचाच धंदा असून. स्प्रिंगचं पोलाद तापवल्यावर बरोबर तेलात विझवून, परत योग्य तेवढं तापवून उतरवावं लागतं. भट्टीतल्या लालीच्या अंदाजावर केलं तर सहा महिन्यांत परत बसतं, नाहीतर काचेसारखं तुटतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चालतं म्हणाले, माणूस बसतो त्या गाडीला मी करत नाही. दुसरा, आहे त्यात एक पाटा वाढवायचा. हा मला आवडला होता, कारण उंची लगेच येते. चाचा म्हणाले, "उंची येईल, गाडी दगड होईल."

तिसरा, दोन्ही बाजूंना नव्या कमानी. एकाच बाजूला नवी टाकली तर उद्या डावी बाजू खाली दिसेल आणि मी परत मापं घेत बसेन. दोन्ही टाकल्या.

बसवतानाच्या दोन गोष्टी मला आधी माहीत नव्हत्या. कमानीचं एक टोक पिनवर पक्कं असतं आणि दुसरं शॅकलवर झुलतं, कारण कमान दबली की सपाट होते आणि सपाट झाली की लांब होते. तेवढी लांबी शॅकल सामावून घेतो. माझा उजवा शॅकल गंजून इतका घट्ट झाला होता की हातानं हलेना, पाईप घालून हलवावा लागला. म्हणजे कमान दबायला निघाली तरी तिला लांब व्हायला वाव नव्हता. आपटण्यात त्याचाही वाटा होताच. पिना, त्यांच्याभोवतीचे रबरी बुश सगळं नवीन घेतलं. दुसरी गोष्ट, गाडी घोड्यावर असताना चाचांच्या पोरानं हे बुशचे बोल्ट नुसते हातानं बसवले, आवळले नाहीत. चाकं लावली, गाडी जमिनीवर आणली, दोनदा पुढं-मागं ढकलली, बॉनेट दाबून हलवली आणि मग बोल्ट ताणले. लटकत्या गाडीत आवळले तर रबर त्या जागी पकडतं, आणि गाडी खाली आल्यावर पिळलेलंच राहतं. मग ते कमानीला झुलू देत नाही आणि लवकर फाटतं. यू-बोल्टही नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरत नाहीत. चारही आळीपाळीनं, कोपऱ्याच्या समोरचा कोपरा असे आवळले. पाचशे किलोमीटरनं परत आवळायला ये, असं तीन वेळा बजावलं. बंप रबरंही बदलली.

आणि मागचा रोग. तो माझाच होता. दोन वर्षांपूर्वी हंगामाच्या आधी मी मागं दोन्हीकडं एकेक पाटा वाढवून घेतला होता, जास्त माल बसावा म्हणून. चाचांनी जाडी मोजली. मूळचे सात पाटे आठ मिलीमीटरचे, वाढवलेला दहाचा. मी म्हटलं, सातात एक घातला, सातव्या हिश्श्यानं कडक झाली असेल. तसं नसतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. जाडी सव्वापट झाली की कडकपणा जवळजवळ दुप्पट. माझा तो एक पाटा दोन पाट्यांच्या बरोबरीचा होता. म्हणून रिकामी असताना गाडीचं मागचं अंग फळीसारखं उडायचं, आणि मागनं उचललेली असल्यानं पुढनं होती त्याहून जास्त बसलेली दिसायची. काढून टाकला. काढताना चाचा एवढंच म्हणाले, "माल कमानीवर बसत नाही रे, चेसिसवर बसतो." म्हणजे पाटा वाढवून गाडी दोन टनाची होत नाही. ब्रेक, टायर, हब, सगळं दीड टनाचंच राहतं.

एकूण खर्च चौदा हजारांच्या आसपास. त्यात शॉकअपचे बत्तीसशे धरलेले नाहीत.

नवी उंची डावीकडं अठरा इंच दोन सूत, उजवीकडं अठरा इंच एक सूत. चाचांनी सांगितलं होतं तसं पंधरा दिवसांत दोन्ही बाजू तीन-चार सूत खाली आल्या आणि तिथं थांबल्या. नवी कमान थोडी बसतेच. म्हणून अलाइनमेंट मी त्यानंतर केलं, त्याच प्रामाणिक माणसाकडं. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरला नेऊन आवळले तर पाव-पाव फेरा आले, एक तर जवळजवळ अर्धा. चुन्याची परीक्षा मी घरी परत केली, शंभर बॉक्स भरून. डावं रबर कोरडं, उजवं कोरडं. रस्त्यातला एक स्पीडब्रेकर सोडून. तो कुणीतरी रात्रीतून घातलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापात स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. हा उंचीला दीडपट आणि रुंदीला जेमतेम दोन फूट आहे. तिथं रबर टेकलं तर त्यात कमानीचा दोष नाही.

एक बारीक खट्‌ अजून येतो, डावीकडून, वळताना. केबिनच्या माउंटिंगचं रबर असावं असा माझा अंदाज आहे. पण यावेळी अंदाजावर सामान आणलेलं नाही.

अण्णांना मुद्दाम बसवून तासगावला नेऊन आणलं. जाताना-येताना झोपले. उतरताना म्हणाले, "बरी केलीस." मी म्हटलं, मग पुढच्या महिन्यात मिरजेला डोळे दाखवायला गाडीनंच जाऊ.

"नको. पंचाहत्तरीच्या वर एस.टी. फुकट आहे. तुझं डिझेल कशाला जाळायचं?"